कोरा कोपरा

केदारखेड्याच्या फाट्यावर, जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पिठाच्या गिरणीची भिंत होती आणि त्या भिंतीवर गावाचा फळा होता. भिंतीचाच चार हात लांब, तीन हात उंच तुकडा सिमेंटनं गुळगुळीत करून घेतलेला. दर दिवाळीला तात्या जुन्या सेलांतली काळी पूड पाल्याच्या रसात कालवायचे आणि चिंधीनं फळा सारवून काढायचे. मग तो दोन दिवस वाळत पडायचा. ते दोन दिवस फाट्यावर आलेल्या माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

सकाळी सातच्या आत फळा लिहून झालेला असे. पहिली एसटी पकडायला आलेली माणसं, डेअरीवर दूध घालायला निघालेली माणसं, शाळेची पोरं, सगळी तिथं घडीभर थांबत. ज्याला वाचता येत नसे तो शेजारच्याला म्हणे, "वाच रे जरा." टँकर कोणत्या गल्लीत किती वाजता येणार, या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा आहे की रात्री, रेशनला गहू आला की नुसता तांदूळ, पोलिओचा डोस कोणत्या रविवारी, राजूरच्या अंगारकीला जादा गाड्या सुटणार का, पूर्णेच्या पुलावर पाणी किती, कोणाची म्हैस सुटून गेली, कोणाचं मळणीयंत्र मोकळं आहे, कोणाच्या पोरीनं नर्सिंगचा कोर्स पुरा केला. ग्रामसभा असली की तात्या सात दिवस आधी तिची तारीख टाकत आणि रोज सकाळी ती ओळ नव्यानं गडद करत. हलगीवरची दवंडी एकदा कानावरून जाते, शेतात असलेल्याला ऐकूही येत नाही. फळ्यावरची ओळ संध्याकाळी घरी परतणाऱ्यालाही भेटते, असं ते म्हणत.

तात्या पोस्टात होते. चाळीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. प्रत्येक घराचा उंबरा त्यांच्या ओळखीचा. तेव्हा मयताची बातमी कळवायची तर पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून पाठवायचे. तसं कार्ड पिशवीत आलं की तात्या ते वेगळं काढून खिशात ठेवत आणि त्या घरी शेवटी जात. दारात उभं राहून आधी आत डोकावत. घरात कोणी मोठं माणूस आहे का, बाई एकटीच आहे का, चूल पेटलेली आहे का, लेकरं जेवायला बसली आहेत का. बसली असतील तर ओट्यावर टेकत, पाणी मागत, पावसापाण्याचं बोलत आणि लेकरांनी हात धुतले की मग कार्ड पुढं करत. गावात पुष्कळांना हे पुढं केव्हातरी लक्षात आलं. त्या दिवशी तात्या उगाच बसले नव्हते, हे त्यांना वर्षांनी उमगलं.

पोस्टातून निवृत्त झाले तरी त्यांची फेरी थांबली नाही. पहाटे उठून ते गावभर हिंडत. टँकर येणार असं कोणी सांगितलं तर ग्रामपंचायतीच्या शिपायाला गाठत. गहू आला असं कोणी म्हणालं तर दुकानाच्या दारातून पोती पाहून येत. मगच खडू हातात घेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहीत: 'पाहिलं', किंवा 'शिपायाकडून', किंवा 'आकाशवाणी, सकाळी 7'. आणि फळ्याचा उजवीकडचा खालचा कोपरा, तळहाताएवढी जागा, ते रोज कोरी सोडत. कितीही बातम्या असोत, ओळी एकमेकींवर चढू देत, त्या चौकोनात खडू जात नसे.

1993 सालच्या 30 सप्टेंबरचं माझी आई अजून सांगते. लोक गणपती बुडवून झोपले होते. पहाटे चारला जरा कमी असताना लातूरकडं धरणी हलली. आमच्याकडं सकाळपर्यंत नाना गोष्टी पसरल्या. आज रात्री याहून मोठा धक्का बसणार, जालन्यात इमारती पडल्या, अमक्याच्या पाहुण्यांचं गाव जमिनीत गेलं. बायका लेकरं घेऊन अंगणात बसल्या. तात्यांनी गिरणीच्या ओट्यावर रेडिओ आणून ठेवला आणि प्रत्येक बातमीपत्रानंतर वेळ टाकून तेवढंच लिहीत गेले. औसा तालुक्यातलं किल्लारी हे नाव आमच्या गावानं पहिल्यांदा त्या फळ्यावर वाचलं. मृतांचा आकडा दर बातमीपत्रागणिक वाढत होता. जुना आकडा पुसून नवा लिहिताना त्या कोऱ्या कोपऱ्यात ओळ येई: 'दुपारी लिहिलेला आकडा कमी होता.' पुढं तो आठ हजारांच्या घरात गेला. पण रात्री पुन्हा धक्का बसणार, ही ओळ फळ्यावर आली नाही. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं होती, दमेकरी होते, त्यांनी तेवढ्या भरवशावर त्यांना आत नेऊन निजवलं, असं आई म्हणते.

मी त्या वेळी पाळण्यात होतो. मला फळा कळू लागला तो तिसरी-चौथीत, तात्यांचा खडू आणि ओलं फडकं धरायला लागलो तेव्हा. माझं अक्षर चांगलं होतं. आधी मथळ्याची तारीख लिहायला मिळाली, मग टँकरची ओळ. तात्या जवळ उभे राहून सांगत आणि मी लिहीत असे. एकदा मी विचारलं, "तात्या, लिहिलेलं एवढं तपासायचं काहून? उद्या तर पुसायचंच आहे."

त्यांनी मला भोकरदनची गोष्ट सांगितली. आपलं तालुक्याचं गाव जुनं, त्याचं नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांमागं तिथल्या माणसांनी सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांना दान दिलं. दगडावर कोणीतरी लिहून ठेवलं की हे भोगवर्धनचे. त्यांचं घर नाही, शेत नाही, वंश कुठं गेला कळत नाही, तेवढी ओळ आहे आणि तिच्यावर आजही माणसं विश्वास ठेवतात. "आपला खडू आहे, दगड नाही," ते म्हणाले, "पण वाचणारा तसाच वाचतो."

मला तेव्हा हे अर्धंच कळलं. आमच्या मातीचा दोन हजार वर्षांचा लेख कुठंतरी लांब आहे याचाच आनंद मोठा होता.

मी दहावीत गेलो त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी तात्यांचे जालन्याचे मेहुणे वारले. दशक्रियेसाठी तात्यांना दोन दिवस जावं लागलं. जाताना खडूची पेटी माझ्या हातात दिली. "दोन दिवस फळा तुझा. काही कळलं तर विचारून लिही. नाही कळलं तर तारीख टाक आणि ठेव तसाच. कोऱ्या फळ्यानं कोणाचं बिघडत नाही."

पहिल्या दिवशी मी टँकर, लाईट आणि सुटलेली शेळी एवढं लिहिलं. ओळी बेताच्याच होत्या. मला ते सपक वाटलं. तात्या नसताना फळ्यावर काहीतरी मोठं यावं, गावानं थांबून वाचावं, आणि कोणीतरी म्हणावं की पोरानं लिहिलंय, असं मनात होतं. हे मी आज लपवत नाही. संध्याकाळी भोकरदनहून आलेल्या काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं चहा पिता पिता कोणाला तरी सांगितलं, "उद्या पिंपळगावचा बाजार बंद. हमाल बसलेत."

पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार म्हणजे आमच्या तालुक्याचं रोकड पैशाचं ठिकाण. हिरवी मिरची दिवसा तोडायची, संध्याकाळपर्यंत कट्टे भरून बाजारात पोचवायची, रात्री ट्रक भरून परराज्यात निघतात. दुसऱ्या दिवशी पोरांची फी, दवाखान्याची उधारी, खताची गोणी असं सगळं त्या पैशावर चालतं. बाजार बंद ही बातमी केवढी मोठी, हे मला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच माझा हात शिवशिवला. अंधार पडायच्या आत मी गिरणीपाशी गेलो, शेळीची ओळ पुसली आणि अर्धा फळा व्यापेल एवढ्या अक्षरात लिहिलं: 'उद्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार बंद.' ओळीच्या शेवटी 'पाहिलं' लिहिता येत नव्हतं. 'कोणाकडून' तेही लिहिलं नाही. ओळ तशीच सोडली.

एसटीडीच्या दुकानात जाऊन पिंपळगावला एक फोन लावला असता तर दोन रुपये लागले असते. ते माझ्या खिशात होते.

बाजार बंद नव्हता. हमालांची कुरबुर झाली होती, ती त्याच रात्री मिटली. दुसऱ्या दिवशी बाजार भरला, आणि आवक कमी असल्यामुळं भावही चढा निघाला. आमच्या गावातल्या ज्यांच्याकडं मोबाईल होते, त्यांना सकाळी कळलं, त्यांनी घाईघाईनं तोडणी लावली. वरल्या गल्लीतल्या काकूंकडं मोबाईल नव्हता.

काकूंचे मालक चार वर्षांपूर्वी गेले होते. वीस गुंठ्यांत मिरची, दोन पोरी शाळेत. आदल्या दिवशीच त्यांनी तोडणीच्या सहा बाया ठरवून ठेवल्या होत्या. संध्याकाळी थोरली पोर फळा वाचून घरी गेली आणि काकूंनी रात्रीच प्रत्येकीच्या दारात जाऊन 'उद्या येऊ नका' म्हणून सांगितलं. त्या बाया दुसऱ्याच्या निंदणीला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि तीन दिवस पाऊस उघडला नाही. ओली मिरची तोडता येत नाही. तोडली तर कट्ट्यात गरम होते, काळी पडते, ट्रक मुक्कामाला पोचेपर्यंत सडते. व्यापारी हात लावत नाही. पाऊस उघडला तेव्हा झाडावरची निम्मी मिरची लाल व्हायला लागली होती आणि बाजार उतरला होता.

पावसानं जालन्यात अडकलेले तात्या तेव्हा परत आले. त्यांना सगळं फाट्यावर उतरतानाच कळलं असणार. घरी न जाता पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ते माझ्याकडं आले. रागावले नाहीत. "कोणी सांगितलं?" ड्रायव्हरनं. "त्यानं कोणाला सांगितलं, तुला?" नाही, दुसऱ्याला, मी ऐकलं. "पिंपळगावला विचारलंस?" मी मान खाली घातली. "चल," एवढंच म्हणाले आणि वरल्या गल्लीकडं निघाले.

काकू ओसरीत बसून मिरची निवडत होत्या. पुढं पसरलेल्या गोणपाटावर हिरवा ढीग एकीकडं, तांबूस ढीग एकीकडं. बोटं सराईतपणानं चालत होती: देठ धरायचा, उलटीसुलटी पाहायची, टाकायची. तांबूस ढीग मोठा होता. धाकटी पोर शेजारी पाटी घेऊन बसली होती आणि तिखटानं तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं. तात्यांनी मला पुढं केलं. मी म्हणालो, "काकू, मी लिहिलं होतं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. हात चालू होता. मग म्हणाल्या, "लेकरा, हेच मला कोणी तोंडी सांगितलं असतं ना, तर मी आणखी दोघांना विचारलं असतं. फळ्यावर होतं म्हणून नाही विचारलं."

एवढं बोलून त्यांनी आम्हाला पाणी दिलं. आज इतक्या वर्षांनी मला त्यांच्या पितळी तांब्याचा गारवा आठवतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

परत येताना तात्यांनी मला गिरणीपाशी थांबवलं आणि त्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोपरा कशासाठी सोडतो, माहितीये? चुकीसाठी. टँकर नऊला म्हटलं आणि अकराला आला, तर दुसऱ्या दिवशी इथं सांगायचं. माणूस आहे, चुकणार. रोज जागा ठेवली की सांगायची लाज वाटत नाही." मग फळ्याकडं पाहत म्हणाले, "पण याला कोपरा पुरायचा नाही."

त्यांनी ओल्या फडक्यानं सगळा फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. बाजार बंदची ओळ जेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिली होती तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच जागी, मी लिहिलं: 'सोमवारी या फळ्यावर मिरची बाजार बंद असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. लिहिणाऱ्यानं कोणाला विचारलं नव्हतं.' खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तात्या म्हणाले, "आठ दिवस राहू दे." आठ दिवस टँकर, रेशन आणि लाईट त्या चार ओळींच्या कडेनं दाटीवाटीनं लिहिले गेले. पोरं शाळेत जाताना माझं नाव मोठ्यानं वाचत. वडील त्या आठ दिवसांत फाट्यावर चहाला गेले नाहीत. पाऊस पडून अक्षरं पुसट झाली की तात्या म्हणत, "गडद कर," आणि मी माझ्याच हातानं ती गडद करत असे.

त्या रविवारी मी न सांगता काकूंच्या शेतात गेलो. बायांच्या रांगेत ओळ धरली आणि दिवसभर मिरची तोडली. दुपारपर्यंत बोटांची आग सुरू झाली, नकळत हात डोळ्याला लागला आणि मी बांधावर बसून राहिलो. एका बाईनं जेवणाच्या डब्यातलं ताक माझ्या हातावर ओतलं. संध्याकाळी काकूंनी सगळ्या बायांबरोबर माझ्याही हातावर पैसे ठेवले. मी मागं सरलो तर म्हणाल्या, "चूक वेगळी, रोज वेगळा. घे." त्या हंगामातले सगळे रविवार मी तिथं गेलो, आणि दर रविवारी त्यांनी मला रोज दिला.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, फळा माझ्याकडं आला. मी फाट्यावरच बी-बियाणांचं दुकान टाकलं. 2013 च्या जुलैत तार बंद झाली, त्या दिवशी तात्यांनी मला ते लिहायला सांगितलं आणि बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले, त्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती तरी. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दुष्काळानं आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या आणि फळ्यावर महिनोन्महिने टँकरशिवाय दुसरं काही नव्हतं. मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. गावाचे ग्रुप झाले, गल्लीचे झाले, भावकीचे झाले. आता फळा कशाला, असं पोरं म्हणत. बातमी कळायची आधीच, आणि पुष्कळदा फळ्यापेक्षा लवकर. मी मात्र सकाळी सातच्या आत लिहीत राहिलो. काकू रोज दुधाची बरणी घेऊन फाट्यावर येत आणि अक्षर अक्षर जुळवत स्वतः वाचत. थोरल्या पोरीनं त्यांना शिकवलं होतं.

2018 च्या जूनमध्ये पेरण्यांची गडबड चालू असताना प्रत्येक मोबाईलवर एकच गोष्ट यायला लागली. मुलं पळवणारी टोळी आली आहे, बाई-बुवाच्या वेषात फिरते, अमक्या गावात दोन लेकरं नेली. सोबत फोटो, रडणाऱ्या बाईचा आवाज, खाली 'सगळ्यांना पाठवा'. गावाचं नाव दर वेळी वेगळं आणि दर वेळी आपल्या जवळचं. बायांनी लेकरांना अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. रात्री तरुण पोरं काठ्या घेऊन गस्त घालू लागली. मी दुकानात बसून पाहत होतो आणि मला किल्लारीच्या वेळचं, आईनं सांगितलेलं आठवत होतं.

एका दुपारी पूर्णेच्या पुलाकडून एक पोरगा मोटारसायकलवर आला. पुलाखाली पालं पडली आहेत, परकी माणसं आहेत, त्यांच्यात एक लेकरू सारखं रडतंय, ते त्यांचं वाटत नाही. त्यानं लांबूनच फोटो काढला होता. दहा मिनिटांत तो फोटो गावात सगळ्यांकडं पोचला आणि अर्ध्या तासात गिरणीसमोर शे-सव्वाशे माणूस जमलं. काही हातांत काठ्या, काहींत ट्रॅक्टरचे पाने. ही माझ्या ओळखीची पोरं होती. माझ्या दुकानातून उधारीनं बियाणं नेणारी, दिंडीत पखवाज वाजवणारी. त्यांच्यातल्या कोणाच्याही मनात पाप नव्हतं, लेकरांची काळजी होती. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढं जे होऊ शकलं असतं ते अशाच माणसांच्या हातून होतं.

मी म्हणालो, "मला अर्धा तास द्या. मी पाहून येतो आणि फळ्यावर लिहितो. तोवर कोणी पुलाकडं येऊ नका."

"पाहायचंय काय त्यात? फोटो आहे ना," एक जण ओरडला. तरी ते थांबले. मी मोटारसायकल काढली.

पुलाखाली चार पालं होती. सहा मोठी माणसं, तीन लेकरं, दोन कुत्री. नाथपंथी डवरी गोसावी, पोटासाठी गावोगाव फिरणारे. तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती. मला पाहून तिचा हात थांबला. परातीत पीठ तसंच, तव्यावरची भाकरी करपायला लागलेली, आणि ती माझ्या हातांकडं पाहत होती, हातात काही आहे का म्हणून. रडणारं लेकरू तिचंच होतं. त्याच्या कपाळाला हात लावला तर फणफणत होतं. म्हाताऱ्या माणसानं मळकी प्लॅस्टिकची पिशवी उघडून कागद माझ्यापुढं धरले. मी पोलीस पाटलांना फोन लावला. ते म्हणाले, ही मंडळी आली त्याच दिवशी नोंद करून गेली आहेत. मी विचारलं, मग गावाला का सांगितलं नाही? ते म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही.

परत आलो तेव्हा गर्दी वाढली होती. कोणाशी न बोलता मी फडकं ओलं केलं, फळा पुसला आणि लिहायला लागलो. पाठीमागं सगळे शांत झाले. 'पुलाखाली सहा माणसं आणि तीन लेकरं उतरली आहेत. भिक्षा मागणारे आहेत. मी जाऊन पाहिलं, बोललो. पोलीस पाटलांकडं नोंद आहे, त्यांना फोन करून विचारलं. रडणारं लेकरू त्यांचंच आहे, त्याला ताप आहे.' खाली वेळ टाकली आणि माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"कशावरून खरं?" मागून कोणीतरी म्हणालं. "आणि खोटं निघालं तर? आमची लेकरं आहेत."

मी उत्तर द्यायला वळलो, पण माझ्याकडं दाखवण्यासारखं काही नव्हतं. खडूनं भरलेली बोटं होती फक्त. तेवढ्यात गर्दीतून काकू पुढं आल्या. साठी ओलांडलेली बाई, कडेवर थोरलीचं लेकरू.

"यानं एकदा खोटं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "माझं नुकसान झालं होतं, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. आठ दिवस हा इथंच, याच फळ्यावर, आपलं नाव घालून सांगत होता की मी खोटं लिहिलं. तुमच्या मोबाईलवर पाठवणाऱ्यानं कधी सांगितलंय का तसं? नाव तरी टाकलंय का?"

कोणी काही बोललं नाही. काकूंनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ताप आलेल्या लेकराला दूध लागेल," असं म्हणून त्या घराकडं वळल्या. गर्दी एकदम पांगली नाही. आधी म्हातारी माणसं निघाली, मग ज्यांची लेकरं घरी एकटी होती ते. काठीवाली पोरं सगळ्यांत शेवटी, फळा पुन्हा पुन्हा वाचून. त्यांच्यातलाच एक जण संध्याकाळी त्या लेकराला आणि त्याच्या आईला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. दहा-बारा दिवसांनी पालं उठली. पुलाखाली तीन दगड आणि राख राहिली.

मग जुलैची पहिली तारीख. रविवार होता. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. जिथं गावाच्या नोटिसा लागतात, जन्ममृत्यूचे दाखले मिळतात, त्या खोलीत. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला आलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते. मी वर्तमानपत्रातली बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फाट्यापर्यंत चालत आले. डोळ्यांना आता नुसता उजेड-अंधार कळत होता.

मी लिहायला लागलो. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. कोणतं गाव, कोण माणसं, कुठून आलेली, कशावरून मारली. काकू दुधाची बरणी घेऊन येऊन थांबल्या होत्या. गस्तीतली दोन-तीन पोरं होती. कोणी बोलत नव्हतं, गिरणीही अजून सुरू झाली नव्हती, खडूचा तेवढा आवाज येत होता. ओळी खाली खाली येत गेल्या आणि जागा संपत आली.

तात्यांनी भिंतीला हात लावला. चाचपडत, बोटांनी फळ्याची कड धरत ते उजवीकडं खाली आले.

"कोपरा सोडलास ना?"

"सोडतो, तात्या," मी म्हणालो, आणि शेवटच्या दोन ओळी पुसून बारीक अक्षरात लिहायला घेतल्या.